शंभर दाण्यांचे पेंटर

पेंटर कुठलीही जाहिरात रंगवण्याआधी माल स्वतः वापरून बघायचे. तिसगावच्या बाजारपेठेतल्या निम्म्या भिंतींवर त्यांचंच अक्षर होतं, पण एका केसतेलवाल्याला त्यांनी महिनाभर ताटकळत ठेवलं. रोज सकाळी स्वतःच्या टकलावर तेल चोळलं आणि महिन्याने त्याला म्हणाले, "केस काय आलं न्हाईत. डोकं मातर गार ऱ्हातं. तेवढंच लिहू का?" तेलवाला हात जोडून निघून गेला.

अशा माणसाशी माझी गाठ होती. माझं तिथं बियाण्याचं दुकान होतं आणि स्वभाव आजच्यासारखाच तापट.

दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. लोकांनी बियाण्याला ठेवलेली बाजरीही खाऊन संपवली होती, त्यामुळे जो तो विकतच्या बियाण्यावर अवलंबून. त्यातच बियाण्याचा कायदा नवा नवा लागू झालेला. शंभरात किती दाणे उगवतील ते पिशवीवर छापावं लागे. मी हायब्रीड बाजरीच्या पिशव्यांनी दुकान भरलं आणि पेंटरांना सांगितलं, "भिंतीवर लिहा, शंभर टक्के उगवण."

पेंटरांनी भिंतीला चुना मारला. मग एका पिशवीतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि घरी नेले. चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, "शेट, एक्केचाळीस उगवलं."

"पिशवीवर ऐंशी छापलंय! कायद्यानं छापलंय!"

"छापलंय खरं. पर दान्याला वाचता येतंय व्हय?"

मी भडकलो. भर बाजारात त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुन्यांदा बगू. आता तुमच्या घरात ठिवा."

या वेळी गोणपाटावर पाणी मीच शिंपडलं. उलगडलं तेव्हा कोंब एकोणचाळीस. "लोकं ह्येच पेरत्याल," पेंटर म्हणाले. "पाऊस वाया गेल्यावर दुसरं बी कुठनं आनत्याल?"

त्याच दिवशी सगळा माल परत पाठवला. कायद्याला भ्यालो की पेंटरांना, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. दुसरा माल आला, त्याचेही दाणे गोणपाटात गेले आणि मग भिंतीवर अक्षरं उमटली: 'शंभरात चौऱ्याऐंशी उगवले. गोणपाट आत आहे, बघून घ्या.'

पीक छान आलं. एक शेतकरी दुकानात येऊन माझे हात धरून म्हणाला, "शेट, औंदा शिवार हिरवं दिसतंय ते तुमच्यामुळं." पेंटर शेजारच्या दुकानाची पाटी रंगवत होते. मी नुसतं म्हणालो, "अहो, आपलं कामच आहे ते." पेंटरांनी ऐकलं आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

पुढं ते लेकाकडे भिंगारला गेले आणि काही वर्षांनी तिथंच वारले. लेकाला भेटायला गेलो तेव्हा ते हिरवं शिवार खरं तर त्याच्या वडिलांमुळं होतं, हे सांगून टाकायचं ठरवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तोच शेजाऱ्यांना माझी ओळख करून देऊ लागला, "हे तिसगावचे शेट. आमचे दादा कायम सांगायचे, लई सच्चा मानूस. वाईट बी हाय म्हनल्यावर एका दिसात सगळा माल परत धाडला."