हळू आवाजाचा माणूस

दादा गेले आणि त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जालन्याहून हसनाबादपर्यंत मी अँब्युलन्समध्ये त्यांच्या पायाशी बसून होतो. खड्डा आला की त्यांचे पाय हलायचे आणि मी ते धरून ठेवायचो. सगळ्या वाटेत डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त ती शांतता सोसवत नव्हती. दादा जवळ असताना कुठलीही जागा इतकी शांत राहिल्याचं मला आठवत नाही.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी उभी हयात काढली. भट्टीतून निघालेली लालबुंद सळई चिमट्यानं पकडून पुढच्या रोलात घालायची, हे त्यांचं काम. तिथल्या आवाजानं चाळिशीतच त्यांचे कान गेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते सगळ्यांशी ओरडून बोलायचे, आणि आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटायचं तेव्हा ते शेजारच्या घरात ऐकू जायचं. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "माणसं चांगली हायेत, पण यांच्यात पंखा लावत न्हाईत वाटतं." बैठकीतल्या सगळ्यांनी वर पंख्याकडं पाहिलं. ती मुलगी उठली आणि तिनं पंखा लावला. आज ती माझी बायको आहे. त्या दिवशी मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं होतं. नोकरी लागल्यावर मी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. चार दिवस वापरलं आणि परत डबीत ठेवलं. म्हणाले, "याच्यात समद्या जगाची कटकट ऐकू येती."

स्मशानभूमी गावाबाहेर आहे. पत्र्याच्या शेडखाली सरण रचलेलं होतं. ऊन फार होतं, माणसं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत दाटीवाटीनं उभी होती. मी अग्नी दिला. लाकडं वाळलेली असल्यानं सरणानं पटकन पेट घेतला आणि मी मागं सरकलो. आपण आता आणखी काहीतरी करायला पाहिजे असं वाटत होतं, पण करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आमच्याकडे अग्नी दिल्यावर लोक लगेच निघत नाहीत. दोन-चार जण श्रद्धांजलीचं बोलतात. त्यात गावातले एक पुढारी ठरलेलेच. त्यांचं भाषणही ठरलेलं असतं, मेलेल्या माणसाचं नाव तेवढं बदलतं.

माझ्या शेजारी दादांचे मित्र बसले होते. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो. ते दादांच्याच मिलमध्ये, दादांच्या समोरच्या बाजूला उभे असायचे, त्यामुळे त्यांचेही कान गेलेले. रिटायर झाल्यावर दोघं रोज सकाळी मारुतीच्या पारावर बसत. एक कपाशीबद्दल बोलायचा, दुसरा जावयाबद्दल, आणि दोघंही समाधानानं घरी जेवायला जायचे.

पुढारी बोलायला उभे राहिले. "ते अत्यंत मृदुभाषी होते," ते म्हणाले. "चढ्या आवाजात बोलणं त्यांना कधी माहीतच नव्हतं. त्यांचा तो हळू आवाज आपल्याला यापुढं ऐकू येणार नाही."

काकांनी पलीकडच्या माणसाला कोपरानं ढोसलं. "काय म्हणून राह्यला तो?"

त्या माणसानं त्यांच्या कानाला तोंड लावून सांगितलं, "दादा लय हळू बोलायचे म्हणतेत."

काकांनी एकदा पुढाऱ्यांकडं पाहिलं, एकदा सरणाकडं. मग ते कुजबुजले. म्हणजे त्यांच्या हिशेबानं कुजबुजले. ऐकलं सगळ्या स्मशानानं. "मंग ही माती दुसऱ्याच कोणाची दिसती. आपण चुकीच्या जागी तर न्हाई ना आलो?"

मग बाभळीखाली कोणाला तरी हसू फुटलं. ते दाबायला गेला तर ठसका लागला, आणि मग एकेक करत सगळेच हसायला लागले. तोंडावर रुमाल धरून, खाली बघून, पाठ फिरवून. पुढाऱ्यांनी भाषण दोन वाक्यांत आवरतं घेतलं. मीही हसत होतो. गुडघ्यांत मान घालून हसत होतो, खांदे गदगदत होते. मी रडतोय असं समजून कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि तो हात पाठीवर आल्याबरोबर मला खरंच रडू आलं. सकाळपासून अडकलेलं सगळं तेव्हा बाहेर पडलं. काकांना तर काहीच ऐकू आलं नव्हतं. ते शांतपणे ज्वाळांकडं बघत बसले होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. पाहुणे आंघोळीला गेले. मी आणि काका घराच्या ओट्यावर बसलो. काका आपणहून सांगायला लागले. मिलमध्ये बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून तिथं सगळं खुणांनी चालायचं. अंगठा तोंडाला नेला की पाणी. पोटावरून गोल हात फिरवला की सुपरवायझर येतोय. मग त्यांनी चिमटीत खडू धरल्यासारखा हात हवेत धरला आणि फळ्यावर लिहिल्यासारखं केलं.

"हा कोण वळखलं का?" त्यांनी विचारलं. "हा तू. तू मास्तर झाल्यापासून त्यानं ही खूण काढल्ती. पारावर आला की आधी ही करायचा. मंग खुणांनीच तुझं सांगायचा."

मी त्यांच्या हवेतल्या हाताकडं बघत राहिलो.

"मागल्या सोमवारी बी केल्ती," काका म्हणाले. "म्हणला, पोराला फोन लावला, पर त्याचा तास चालू व्हता. शिकवता शिकवता उचलला, म्हणला. दुसरा कोणी असता तर उचलला नसता."

त्या सोमवारी मी परतूरच्या शाळेत स्टाफरूममध्ये होतो. माझा तास नव्हता. चौघं-पाचजण चहा पीत होतो. दादांचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू जातो आणि मग सगळे गालात हसतात, म्हणून मी फोनला तोंड लावून म्हणालो, "तासावर आहे, नंतर करतो." आणि नंतर केला नाही. बुधवारी त्यांना झटका आला. दवाखान्यात ते बोललेच नाहीत.

"काका, मी तासावर नव्हतो," मी म्हणालो.

काकांनी तळहात कानामागं धरला.

"मी खोटं बोललो होतो त्यांच्याशी."

"च्या?" काका म्हणाले. "न्हाई न्हाई. आत्ताच झाला."

आणखी एकदा सांगायचं तर ओरडावं लागलं असतं. घरात आई होती, गल्लीत माणसं होती. माझं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं, आणि मग मला हसू आलं. मी हसतोय हे बघून काकाही हसले, कशाला ते न कळता. आम्ही दोघं बराच वेळ तसे हसत बसलो. ती गोष्ट मी त्यानंतर कोणालाच सांगितली नाही.

संध्याकाळी आईला स्मशानातलं भाषण मात्र सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवसांत तिच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. काका काय म्हणाले ते ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. "मलाच म्हणायचे, हळू बोल, लोक ऐकून राह्यलेत," ती म्हणाली आणि हसली. मग ती रडायला लागली ती थांबेचना. त्या संध्याकाळीही ती जेवली नाही.

तेरावं झालं आणि आम्ही परतूरला निघालो. आईनं बरोबर यावं म्हणून बायकोनं तिची पिशवी भरून ठेवली होती. आईनं ती रिकामी केली, लुगडी परत पेटीत ठेवली.

"हितं एकटी काय करशील?" मी विचारलं.

"मी कशानं एकटी? ते बिचारे एकटे पडले," ती म्हणाली. ती काकांबद्दल बोलत होती. "त्यांच्यासंगं आता कोण बोलणार? येत जातील दुपारचे वट्यावर, च्या करून देत जाईन. मोठ्यानं बोलायची मला सवय हाय."