सातपैकी सहा

माझ्या नणंदेच्या डोळ्यांत पाणी मी जन्मात एकदाच पाहिलं, तेही एका खोडरबरापायी. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे यजमान, गेले तेव्हा ती ठणठणीत कोरडी होती. आल्यागेल्याला पाणी देत होती, मृत्यूच्या दाखल्यातली तारखेची चूक काढत होती. आणि त्या मंगळवारी बाई रडली ती एका हिरव्या बेडकासाठी!

घरीदारी सगळे तिला सिस्टर म्हणतात, मीसुद्धा. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची ती मुख्य नर्स. वय सत्तावन्न, राहते आमच्याच घरी. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. पोट शिवण्याआधी आत गेलेला प्रत्येक बोळा, सुई, चिमटा बाहेर आला की नाही हे बघणं तिचं काम. ती मोठ्याने आकडा म्हणते, दुसरी नर्स फळ्यावर ताडून बघते. जुळेपर्यंत टाका घालू देत नाही. एकदा एका बड्या सर्जनला तिने वीस मिनिटं ताटकळत ठेवलं.

"सिस्टर, माझी खात्री आहे, आत काही नाही!" तो कडाडला.

"खात्री तुमच्यापाशी ठेवा. माझा एक बोळा कमी आहे."

बोळा त्याच्याच बुटाखाली सापडला.

अशा बाईला दर महिन्याला जपानहून गुलाबी खोकं येतं. मला वाटत होतं, हॉस्पिटलचं काहीतरी सामान असेल. एकदा तिचं दार उघडं होतं. पलंगावर हिरवं कापड अंथरून ही मांडी घालून बसलेली, समोर आतल्या वस्तूंच्या चित्रांचं पत्रक, आणि तोंडाने मोजणी चालू. "मांजरीच्या तोंडाची डबी, एक. ढगाच्या आकाराचं चिठ्ठ्यांचं पॅड, एक. हसणाऱ्या पावाचं चित्र असलेलं पाकीट, एक." एकेक वस्तू उचलायची, गालाला लावायची, पत्रकावर खूण करायची. खोक्यातला पातळ कागदसुद्धा नाकाशी धरून हुंगत होती. गाल लाल झाले होते तिचे. सिस्टरचे!

"कोणासाठी गं हे? वॉर्डातल्या मुलांसाठी?"

"नाही. माझ्यासाठी."

"पण करतेस काय याचं?"

"बघते."

कपाटाच्या दाराला आतून पेंग्विन, ससे आणि डोळेवाल्या छत्र्यांचे स्टिकर चिकटवलेले होते. मी बाहेर आले.

त्या सोमवारी खोकं आलं तेव्हा ती ड्यूटीवर होती. एक कोपरा फाटला होता. आत काही फुटलं तर नाही, म्हणून मी उघडलं. शेजारी माझी सात वर्षांची नात भुणभुण लावून बसलेली. सगळ्यांत लहान वस्तू होती ती, बेडकाच्या आकाराचं खोडरबर. दिलं पोरीच्या हातात आणि खोक्याला पट्टी मारली. ही मोजते हे मला ठाऊक होतं. पण एवढ्याशा बेडकाचं काय, भाचीच्याच तर मुलीला दिला, म्हटलं.

मंगळवारी सिस्टरची सुट्टी. सकाळी तिची हाक आली. "वहिनी, सातपैकी सहाच आहेत."

"पाठवणारे विसरले असतील."

"ते विसरत नाहीत."

मग तिने पलंग ओढला, टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी पडली, कागदाची घडी न् घडी झटकली. जेवायला उठेना. दुपारचे तीन वाजले.

"कंपनीला कळव की," मी म्हणाले. स्वतःलाच लाज वाटत होती, पण म्हणाले.

"कळवलं की खोकं भरणाऱ्या मुलीवर ठपका येईल. तिने बरोबर भरलं असेल तर?"

हे मात्र मला झेपेना. "अगं, मीच दिला बेडूक. नातीला."

ती उठून बसली. केसांना धूळ लागलेली. आणि डोळे भरून आले.

"सिस्टर, खोडरबर आहे ते!"

"खोडरबराचं नाही हो, वहिनी. मागितला असता तर मी दिला असता. माझी खोली गेली तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं. ड्यूटीवरून आले, तर माझी कॉट हॉलमध्ये."

लेकीच्या अभ्यासासाठी ती कॉट मीच सरकवली होती. लेक लग्न होऊन गेली तोवर अकरा वर्षं ही बाई हॉलमध्ये झोपली. एक शब्द बोलली नाही. बोलली नाही म्हणजे चालतंय, असा अर्थ मी काढला. आणि मी म्हणे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते! खोली परत मिळाली त्यानंतरच ही खोकी सुरू झाली, हेही तेव्हा डोक्यात शिरलं.

तशीच चपला घालून लेकीकडे गेले.

"आई, दिलेली वस्तू परत मागतेस? पोरीकडून? शोभतं का तुला?"

"नाही शोभत. आण."

नात रडली नाही. घाबरतच म्हणाली, "आजी, त्याचा एक पाय संपला. गणितात फार चुका झाल्या."

लंगडा बेडूक मी सिस्टरच्या तळहातावर ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला.

"एवढ्या चुका?"

"पाढे कच्चे आहेत."

मला वाटलं, आता मोठ्या मनाने म्हणेल, राहू दे पोरीला. छे! तिने पत्रकावर खूण केली, बेडूक इतर सहांच्या रांगेत नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत या घरात सिस्टरने कडी लावलेली मी ऐकली नव्हती.

थोड्या वेळाने चहा केला आणि तिच्या दारावर टकटक केली. आजवर कधी केली नव्हती. "येऊ का?"

"आत्ता नको," ती आतून म्हणाली.

नाही म्हणाली! मला! कप हातात धरून मी दाराबाहेर उभी राहिले, आणि तिने बोलावलं तेव्हाच आत गेले.