आबांचा पीएसए

आबांच्या रक्ताची नळी मीच मशिनला लावली होती. दौंडच्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं टेक्निशियन आहे. माझ्या वडिलांना, आबांना, प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आणि पुण्यात रेडिएशन घेतलं, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ते कवठे येमाईहून माझ्याकडे यायचे, मी रक्त तपासायचे. कॅन्सर उलटला तर रक्तातला पीएसए नावाचा घटक वाढतो, एवढं आम्हाला सांगितलेलं. त्या दिवशीही तो जेमतेम शून्याच्या वर होता. पण आबांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता आणि लघवीतून रक्त जात होतं.

पहिला संशय मला माझाच आला. नळ्या बदलल्या असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं, चिठ्ठीवरचं नाव दोनदा वाचलं, एक नळी दुसऱ्या लॅबलाही पाठवली. आकडा तोच.

शिरूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. रेडिएशननंतर मूत्राशयाला सूज राहते, असं सांगून गोळ्या दिल्या. सोबत आलेल्या माझ्या भावाला हायसं वाटलं. परतताना गाडीत आबा म्हणाले, "कागद चांगला हाय, पन मी चांगला न्हाई. यातलं खोटं कोन?"

त्याच आठवड्यात मी त्यांना पुण्याला नेलं. स्कॅनमध्ये प्रोस्टेटच्या जागी गाठ दिसली, तिचा तुकडा तपासायला काढला. चार दिवसांनी तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "हा तुकडा नक्की तुमच्या वडिलांचाच ना? जुन्या रिपोर्टशी काहीच जुळत नाही."

म्हणजे त्यांनाही तोच संशय. जुना तुकडा पहिल्या हॉस्पिटलात मेणात जपून ठेवलेला होता. दोन्हींचा डीएनए ताडून पाहायला मी अर्ज देऊन तो स्वतः आणून दिला, वाटेत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दोन्ही तुकडे आबांचेच निघाले. रेडिएशननंतर कॅन्सरने जात बदलली होती. ही स्मॉल सेल नावाची दुर्मीळ जात, आणि ती पीएसए फारसा तयारच करत नाही, असं बाईंनी समजावलं. माझं मशिन खरं बोलत होतं. आबाही.

किमोच्या चार फेऱ्या झाल्यात. रक्त थांबलंय, अर्धी भाकरी जाते. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत, आबा विचारत नाहीत.

आता रेडिएशन घेतलेला कुणी कमी पीएसए पाहून खुशीत निघाला, की मी त्याला थांबवते. जेवण जातं का, लघवीला त्रास आहे का, विचारते. आमच्या लॅबच्या सरांना ते आवडत नाही. तरी विचारते.