स्ट्रेचर उचलणाऱ्या मार्था-सान

मार्था-सान गेल्याचं त्यांच्या शेजारणीने फोनवर कळवलं, तेव्हा मी कावासाकी शहरातल्या ऑफिसातून निघत होते. डोळे भरून आले, आणि पाठोपाठ हसूही... कारण आठवली ती आमची पहिली भेट.

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी टोकियोतल्या आमच्या फुनाबोरी वस्तीत आपत्तीची रंगीत तालीम होती. पुरुषांकडे स्ट्रेचर, बायकांकडे जेवणासाठी भाताचे गोळे वळायचं काम. सत्तरीच्या आसपासची एक उंच अमेरिकन बाई मात्र स्ट्रेचरपाशी जाऊन उभी राहिली. वस्तीच्या समितीचे प्रमुख नावापुढे मानाचं जपानी 'सान' लावून अदबीने म्हणाले, "मार्था-सान, काम जड आहे."

"तरुणपणी मी हेच करायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हा जखमी खरे असायचे."

तेवढ्यात सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई उन्हाने भोवळ येऊन कोसळल्या. सगळे नुसते बघत राहिले. मार्था-सान पुढे झाल्या, सासूबाईंचे पाय उंच करून धरायला लावले, दोघांना हाताशी घेतलं आणि स्ट्रेचरचं एक टोक स्वतः उचलून त्यांना सावलीत नेलं. शुद्धीवर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ही बाई कोण गं? पोलीस आहे का?"

मार्था-सान व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात नर्स होत्या. तिकडचे जखमी जपानमधल्या लष्करी इस्पितळात यायचे, तिथे त्यांची नेमणूक होती. पुढे त्या आमच्याकडे चहाला येऊ लागल्या, तेव्हा सासूबाई खोदून खोदून विचारायच्या आणि मी दुभाषी.

"बंदूक दिली होती का हो तुम्हाला?"

"नाही. अधिकारीपद दिलं होतं. सैनिक सलाम करायचे आणि डॉक्टर कॉफी मागायचे."

"मग दिलीत?"

"एकदा दिली. मीठ घालून."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग मार्था-सान हळूच म्हणाल्या, "काही मुलं हात सोडायची नाहीत. मी बसून राहायचे... आणि मायदेशी परतल्यावर लोक विचारायचे, तुझा नवरा होता का युद्धावर?" त्यानंतर त्या जपानला परत आल्या, इथल्याच एका शिक्षकाशी लग्न करून राहिल्या.

दुसऱ्या वर्षापासून आम्हा बायकांना स्ट्रेचर शिकवायचं काम प्रमुखांनी त्यांच्याकडेच दिलं. उचलण्याआधी माणसाला त्याचं नाव विचारायचं, हा त्यांचा नियम. नाव विचारलं की घाबरलेला माणूस सावरतो, असं त्या म्हणायच्या.

गेल्या रविवारी त्यांच्याविना पहिली तालीम झाली. प्रमुख स्वतःच जखमी बनून आडवे झाले. मी वाकून नाव विचारलं. इतक्या वर्षांची ओळख, तरी त्यांनी गंभीरपणे पूर्ण नाव सांगितलं.

"आता उचलतोय," मी म्हटलं, आणि आम्ही चौघींनी त्यांना अलगद उचललं.