आत्याचं गाठोडं आणि पृथ्वीचं गणित

पृथ्वीभोवती विद्युतभार असलेला तापलेला वायू असतो. तो बाहेर ढकलत राहतो आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला आवळून धरतं. या ओढाताणीचं गणित मी संगणकावर मांडतो. तीन महिने ते काही केल्या जुळत नव्हतं.

परवा आमच्याकडे राहायला आलेली आत्या गावी परत निघाली. मी वैतागून तिचं गाठोडं बांधणं बघत बसलो. ती दोरी जरा आवळायची की गाठोडं भलतीकडेच फुगायचं. मग तिथले कपडे दाबून ती पुन्हा जरा आवळायची.

"एकदाच काय ते जोरात आवळ ना," मी म्हणालो.

"फाटेल रे. थोडं त्याचं ऐकायचं, थोडं आपलं चालवायचं."

मी तर वायूचा दाब आधीच ठरवून टाकला होता आणि सगळं वाकणं क्षेत्राच्याच गळ्यात घातलं होतं. आता दोघांनाही आळीपाळीनं थोडंथोडं बदलू दिलं. एवढी मोठी पृथ्वी, पण तिच्याभोवतीही सगळं समजुतीनंच चालतं, असं वाटून मी उगाच गहिवरलो.

दुसऱ्या दिवशी गणित सुटलं. मी लगेच फोन लावला.

"आत्या, जुळलं!"

"अगं बाई! मुलगी कुठली रे?"