बॉयलरचा उतरता काटा

काकांनी मला फसवलं. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातलं आपलं घर मला विकताना जमिनीखालचा पाइप गळतोय हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते सांगितलं नाही. मी भाव पाडण्यात स्वतःला उस्ताद समजतो. तरीही मी हसत हसत फसलो, याची लाज मला फसवणुकीपेक्षा जास्त वाटते.

हे काका माझ्या नात्यातले नव्हेत. गावातल्या सगळ्या मराठी मुलांचे ते काका. विद्यार्थी म्हणून इथे उतरल्यावर आमच्यातल्या बहुतेकांनी पहिला वरणभात त्यांच्याच घरी खाल्ला. ते मोठ्या घरात राहायला जाणार हे कळल्यावर मी त्यांच्या जुन्या घरासाठी चार-पाच संध्याकाळी घासाघीस केली. एजंट नको, आपल्यातलाच सौदा, असं मीच म्हणालो. घर तपासायला माणूस आणू का, हेही विचारलं. काका हसले.

"आण की. पण परक्यासारखं तपासणार असशील, तर मीही परक्यासारखा भाव लावेन."

मी तपासणी सोडली आणि भाव आणखी खाली आणला. त्या दिवशी घरी येऊन बायकोसमोर मी टाळी वाजवली होती.

दोन हजार पाचच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मुलगी झाली. बाळंतपणासाठी सासूबाई नागपूरहून आल्या. मागच्या बाजूला नंतर वाढवलेली एक खोली होती, ती त्यांना दिली. तिथे इतर खोल्यांसारखा भिंतीलगतचा रेडिएटर नव्हता. गरम पाण्याचे पाइप थेट फरशीखालच्या काँक्रीटमध्ये होते, आणि वर काकांनी घालून दिलेलं नवंकोरं कार्पेट.

थंडी वाढली तसे वरच्या मजल्यावरचे रेडिएटर गुरगुरायला लागले आणि मग अर्धवट गार पडले. मी कॉलेजात असताना मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करून फी भरलेला माणूस. प्लंबरला कशाला बोलावू? बेसमेंटमध्ये उतरलो. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये नवं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह होता, त्याची मूठ कोणीतरी काढून ठेवली होती आणि व्हॉल्व्ह सताड उघडा. म्हणजे आतून कितीही पाणी गेलं तरी नळाचं पाणी येऊन दाब भरून निघणार, आणि मीटरचा काटा आपला जागेवर. आता त्या व्हॉल्व्हमध्ये गाळ बसला होता, म्हणून पाणी पुरेसं येत नव्हतं. मी बॉयलरमधलं बादलीभर पाणी काढून तो साफ केला, दाब भरला आणि पक्कडीने व्हॉल्व्ह बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा तळाला.

म्हणजे पाणी कुठेतरी जात होतं. दाब वाढला की पाणी सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीखाली दुधाचा रिकामा कॅन ठेवला. कोरडा. तापून फुगलेलं पाणी सामावून घेणाऱ्या टाकीची पिन दाबली, नुसती हवा आली, म्हणजे तीही ठीक. प्रत्येक रेडिएटरच्या जोडाखाली टिश्यू पेपर अंथरले. एकही ओला झाला नाही. उरला बॉयलरच्या पायाशी असलेला पितळी नळ. शेजारीच वॉशिंग मशीन, आणि सासूबाई बाळाचे लंगोट भिजवायला बादली घेऊन रोज खाली येत. नागपूरच्या त्यांच्या घरी मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, आणि त्यालाही असाच नळ.

मी वर गेलो. सासूबाई बाळाला तेल लावत होत्या. मी आवाज चढवूनच विचारलं, "आई, तुम्ही त्या बॉयलरच्या नळाचं गरम पाणी घेता का?"

त्यांनी मान वर केली नाही. "काहून?"

"तो बंब नाहीये. त्यातलं पाणी काढलं की घर गार पडतं. इतकं साधं आहे!"

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हीच बादलीभर पाणी काढलं होतं ना त्यातून? शाईसारखं काळं होतं. त्यात मी नातीचे लंगोट धुऊ?"

बायको म्हणाली, "अरे, ती कशाला हात लावेल?" पण मला उत्तर सापडलं होतं, आणि मी ते सोडायला तयार नव्हतो. खाली जाऊन त्या नळाला तार गुंडाळली. ती तार सासूबाईंच्या देखतच बायकोकडे मागून घेतली होती.

त्या दिवसापासून सासूबाई बेसमेंटमध्ये उतरल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हाताने लंगोट पिळायच्या, मशीन खाली असताना. काटा उतरतच राहिला. तार जशीच्या तशी होती. मी ती सोडवली नाही.

मिशिगनच्या थंडीत आमच्या घरी दही कधी धड लागायचं नाही. त्या आठवड्यात मात्र रोज घट्ट दही पानात. एकदा विरजणाचं पातेलं आणायला बायकोने मला मागच्या खोलीत पाठवलं. ते खिडकीखालच्या कोपऱ्यात, कार्पेटवर ठेवलेलं. मी अनवाणी होतो. खोलीभर फरशी कोमट, आणि तिथे पायाला चटका. कार्पेटला कुबट वासही येत होता.

"तिथे छान ऊब असते," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "बाकी खोलीत दही नाही लागत."

मी कार्पेटचा कोपरा उचकटला. खाली ओलावा, आणि जुन्या राखाडी काँक्रीटमध्ये एक फिकट चौकोन. कोणीतरी फरशी फोडून पाइप दुरुस्त करून पुन्हा सिमेंट भरलं होतं, आणि तो पाइप पुन्हा गळत होता. त्या खोलीकडे जाणारी लाइन बेसमेंटमधून बंद केली. सकाळी काटा हलला नव्हता.

घर गरम झालं. सासूबाईंची खोली तेवढी गार पडली. त्या उशी घेऊन दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आल्या. मला तेव्हाही "चुकलं" हा शब्द उच्चारता आला नाही.

त्याच शनिवारी मी काकांच्या नव्या घरी गेलो. गाडीत सगळं पाठ केलं होतं. काकूंनी दार उघडलं आणि मी सवयीने वाकून नमस्कार केला. तिथेच माझा अर्धा राग गळाला.

"घर गरम राहतंय ना रे?" काकांनी विचारलं.

"त्या व्हॉल्व्हला मूठ नव्हती, काका. आणि मागच्या खोलीत..."

"जुनं घर आहे बाबा! तू तर केवढा भाव पाडलास. म्हटलं, याने सगळं बघितलं असणार."

काकू म्हणाल्या, "तपासायला माणूस नको म्हणाला तो, किती विश्वास!" त्यांनी बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. मी "थँक्यू काकू" म्हणून निघालो. एरवी पार्किंगच्या जागेवरूनही भांडणारा मी.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"घरी नव्हते," मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

त्या परत गेल्या, त्यानंतर अमेरिकेत आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. माझं जे देणं आहे ते मी देईन, त्यांच्यासमोर बसून माफी मागेन. पण काका, त्या चौकोनावर कार्पेट तुम्ही घातलंत. घालताना पाइप गळतोय हे तुम्हाला माहीत होतं की नाही? हो किंवा नाही, एवढंच बोला. मला नको, सासूबाईंना फोन करून सांगा.