निंबानानांच्या सहा टाक्या

निंबानाना गेल्याचं मला त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. सकाळी साडेसहाचा सुमार, मी जळगावच्या घरी चहाचं आधण ठेवत होते. वैशाली म्हणाली, "मॅडम, नाना पहाटे गेले. झोपेतच." मी काही बोलायच्या आत तिनं पुढचंही उरकून टाकलं, "काल म्हणत होते, मॅडमना निरोप दे, तिसऱ्या टाकीतले मासे पाचव्या टाकीत जाऊ देऊ नका." खरं सांगायचं तर मला आधी राग आला. आयुष्यभर माणसानं कामापलीकडे एक शब्द बोलायचा नाही, आणि जाताना निरोप ठेवायचा तोही माशांचा... रडू आलं ते खूप नंतर, एरंडोल सोडून एसटी पुढे निघाल्यावर.

नाना धुळ्याच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मी तिथं अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांची निम्मी नोकरी झाली होती. हुद्द्यानं मी वरची, पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळा कारभार त्यांच्या हातात असे. काचेच्या पट्टीवर ऊतीचा इतका पातळ काप चढवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. विद्यार्थ्यांना शिकवताना माझं काही चुकलं तर ते तोंडानं कधी बोलायचे नाहीत. मागं येऊन खोकायचे. वीस वर्षं मी त्या खोकल्यानं वैतागले आणि वीस वर्षं त्या खोकल्यावर विसंबून राहिले.

निवृत्तीनंतर ते पारोळ्याच्या बाजूला आपल्या गावी गेले. भावाचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं होतं, त्यात मासे सोडले होते. आमच्या भागात आता कापसा-केळीबरोबर असे मासे बरेच जण करतात. अडतं ते खाद्याशी. माशाला वाढवणारं चांगलं खाद्य म्हणजे समुद्रातल्या सुक्या मासळीची भुकटी घातलेलं. ते महाग, आणि इथं समुद्र कुठला? नशिराबादजवळ तेलघाणा असलेल्या भास्करभाऊंनी त्यावर तोड काढली. तेल काढून उरलेली सोयाबीनची आणि सरकीची ढेप मिसळून, मासळीचा कणही न घालता त्यांनी खाद्याच्या गोळ्या पाडल्या. रावेर-यावलपासून धुळ्यापर्यंत त्या गेल्या. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. एकाच्या तळ्यात मासे झकास वाढायचे, शेजारच्या बांधावरच्या तळ्यात तेच खाद्य, तेच पाणी, माशांची तीच सायप्रिनस जात, पण मासे काडीसारखे. भास्करभाऊ माझ्याकडे आले. मी सहा-सात तळ्यांचं पाणी तपासलं, खाद्य तपासलं, आणि चांगला दहा पानी अहवाल दिला की खाद्यात दोष नाही, शेतकरी वेळेवर आणि मापात टाकत नाहीत. हा अहवाल मी नानांना वाचून दाखवला. ते खोकले. मग म्हणाले, "मॅडम, पाणी इचारं, ढेप इचारी, आते खानाराले त इचारा."

खाणाऱ्याला विचारायचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते निंबानाना कसले. आठ महिन्यांनी मी गेले तेव्हा घरामागे सिमेंटच्या सहा टाक्या बांधून झाल्या होत्या. सायप्रिनसच्या सहा जोड्या त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून एकेका टाकीत अंडी घालायला सोडल्या होत्या. या माशाची अंडी पाणवनस्पतीला चिकटतात, त्यामुळे कुठल्या जोडीची अंडी कुठली यात घोळ होत नाही. पिल्लं बोटाएवढी झाल्यावर प्रत्येक घराण्याची खूण म्हणून एकेक पर, म्हणजे पोहायचा पंख, मुळापासून काढला होता. पहिल्याचा पोटाखालचा डावा, दुसऱ्याचा उजवा, तिसऱ्याचा छातीजवळचा, असं करत पाच. सहाव्या घराण्याचे सगळे पर शाबूत, तीच त्याची खूण. पुढच्या प्रत्येक पिढीलाही त्यांनी याच खुणा केल्या. मग सगळ्या घराण्यांतली थोडी थोडी पिल्लं एकाच पाण्यात, मधे जाळी लावून, एका बाजूला मासळीचं खाद्य, दुसऱ्या बाजूला भास्करभाऊंचं ढेपेचं.

निकाल त्यांनी मला सांगितलाच नाही. कॉलेजनं मोडीत काढलेला जुना सूक्ष्मदर्शक त्यांनी घरी आणला होता, त्याखाली दोन पट्ट्या लावून ठेवल्या आणि चहाचं सांगायला आत निघून गेले. पहिल्या पट्टीत माशाच्या आतड्याच्या घड्या नीट, उंच, सलग. दुसऱ्या पट्टीत त्याच वयाच्या, त्याच पाण्यातल्या, तीच ढेप खाल्लेल्या माशाचं आतडं, पण घड्या बसक्या आणि सुजलेल्या. फरक एवढाच की दोघांचे आईबाप वेगळे. मासळीच्या खाद्यावर सगळ्यांत पुढे असलेलं सहावं घराणं ढेपेवर सगळ्यांत मागे पडलं होतं. आणि मासळीवर जे मध्यमच होतं ते दुसरं घराणं ढेपेवर सगळ्यांच्या पुढे निघून गेलं होतं. म्हणजे दोष खाद्याचा नव्हता आणि शेतकऱ्यांचाही नव्हता. कोणाच्या तळ्यात कुठल्या रक्ताचं बीज पडलं, त्यावर सगळं होतं. मी ज्या शेतकऱ्यांना निष्काळजी ठरवलं होतं, त्यांची नावं अहवालाच्या शेवटी माझ्या सहीच्या वर होती. नाना चहा घेऊन आले आणि हवापाण्याचं बोलू लागले. त्या दिवशी त्यांनी मला सरळ सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

पुढची पाच वर्षं म्हणजे आमचं भांडण. भास्करभाऊंना दुसऱ्या घराण्याचं बीज हवं होतं, लगेच. मला शोधनिबंध पाठवायचा होता. आणि नाना प्रत्येक हंगामाला म्हणायचे, "आखो एक पिढी, मॅडम." एका पिढीत दिसलं तो योगायोग असेल. दुसऱ्या पिढीत दिसलं तर पाणी गरम होतं. तिसऱ्या वर्षी वीज गेली, पंप बंद पडला, एका टाकीतले निम्मे मासे दगावले. मी म्हटलं, त्या टाकीचे आकडे वगळू. तर हा माणूस तीन महिने माझ्याशी धड बोलला नाही. मी निबंध चार वेळा लिहिला आणि चार वेळा कपाटात ठेवला. टाक्यांवर रंगानं नंबर घाला, कुठल्या टाकीत काय आहे ते लिहून भिंतीला लावा, हे मी किती वेळा सांगितलं असेल. उत्तर एकच: "माले माहीत शे ना." शेवटच्या खेपेला माझा तोल गेला. मी म्हटलं, "नाना, तुम्ही जाल आणि हे सगळं टाक्यांतच राहील." ते हसले. "मंग तुम्ही शेतस ना," म्हणाले. 'तुम्ही आहात ना', या वाक्याचं मी काय करायचं होतं?

नाना गेले त्या दिवशी मी गावात पोचले तेव्हा दुपार झाली होती. नानांचा मुलगा सुरतेला नोकरीला, तो नुकताच येऊन पोचला होता. अंत्यविधी आटोपला, आणि मी घरामागे गेले. सहाही टाक्या रिकाम्या होत्या. नानांचे एक चुलतभाऊ, भला माणूस, त्यांनी सकाळीच विचार केला होता की आता या मुक्या जिवांकडे कोण बघणार, टाकीत उपाशी मरतील. म्हणून त्यांनी चार माणसं लावून सगळे मासे बादल्यांनी शेततळ्यात सोडून दिले होते. ते मला हे समाधानानं सांगत होते. वैशाली आत बायकांत बसलेली, तिला कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. पाच वर्षं, पाच पिढ्या, आणि सगळं एका तळ्यात. त्या गृहस्थांवर मी काय चिडणार? मी चिडले ते नानांवर. नुकतीच चिता पेटलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

तेरावं झाल्यावर भास्करभाऊ दोन कोळी बांधव आणि जाळं घेऊन आले. दोन दिवस आम्ही ते तळं चाळत होतो. एकेक मासा हातात घ्यायचा, उलटा करायचा, कुठला पर नाही ते पाहायचं आणि त्याच्या टाकीत सोडायचा. मला चष्मा लावून, उजेडाकडे धरून बघावं लागे. वैशाली बघतच नव्हती. मासा जाळ्यातून हातात येतायेता तिचा अंगठा त्याच्या पोटाखाली फिरायचा आणि ती म्हणायची, "दोन. चार. एक. दोन." भास्करभाऊ थांबून तिच्याकडे पाहत राहिले. पाच घराणी सापडली. सहावं गेलं ते गेलंच, कारण शेततळ्यात भावाचे बिनखुणेचे सायप्रिनस आधीपासून होते, त्यांच्यात ते मिसळलं. ढेप न पचणारं ते घराणं. शेतकऱ्याला त्याच्यावाचून काही अडणार नाही, पण माझ्या निबंधातल्या तुलनेचा एक पायच मोडला. आता पाचवा मसुदा. नानांची ही तऱ्हा, ते गेल्यावरही मला लिहू देत नाहीत.

मागच्या रविवारी मी पुन्हा गेले. थंडी सरली की जोड्या लावायच्या, त्याचं ठरवायचं होतं. मी रीतसर कागद घेऊन गेले होते. ढेपेवर वाढीत पहिली आलेली दोन घराणी, दुसरं आणि पाचवं, यांची जोडी लावू, असं मी वैशालीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मॅडम, त्या दोन्हींची आजी एकच आहे. दुसऱ्या वर्षी मादी मेली होती ना, तेव्हा पाचात दोनची मादी घातली होती. नाना म्हणायचे, तिथं सोयरीक नको. तिसऱ्या टाकीत दोनचे मासे, पाचव्यात पाचचे, म्हणून तर तो निरोप. दोनची मादी चारच्या नराला द्यायची. चारवाला थंडीतही खातो."

नानांची एक वही होती, तिच्यात नुसते वजनांचे आकडे, यातलं अक्षरही नव्हतं. माझ्याजवळ पाच वर्षांत ते कधी बोलले नव्हते. मी विचारलं, "तुला हे कधी सांगितलं?" ती म्हणाली, "रोजच. खाद्य टाकताना." म्हणजे मी निबंधासाठी भांडत होते, भास्करभाऊ बीजासाठी तगादा लावत होते, आणि हा माणूस रोज सकाळी सुनेला सगळं पाठ करून देत होता. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर... पण जाऊ दे. मी कागदावर रेघ मारली आणि तिला म्हटलं, पहिल्यापासून सांग, एकेक घराणं घेऊन.

टाक्यांपाशी खाद्याची एक रिकामी बादली उपडी ठेवलेली असते, नाना तिच्यावर बसायचे. मी आले की ते उठायचे आणि घरातून माझ्यासाठी खुर्ची मागवायचे. वैशाली त्या बादलीवर बसली. खुर्चीसाठी मी घराकडे पाहिलं, तर तिनं पायानंच दुसरी बादली ओढली, उपडी केली आणि हातानं पुसून माझ्यापुढे सरकवली.